यंत्र आधी, शिकवणी मागून : गिरणीच्या मागापासून स्मार्ट कारखान्यापर्यंत



आज सुरुवात अहमदाबादच्या एका गिरणीपासून करू. १९५०चं दशक नुकतंच सुरू झालंय. कॅलिको मिल म्हणजे साराभाई कुटुंबाची गिरणी, देशातल्या नामांकित गिरण्यांपैकी एक. तिच्याच ज्युबिली मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवण्यात आले. साध्या मागात धोट्यातलं सूत संपलं की विणकराला माग थांबवून नवी बॉबिन घालावी लागते. या नव्या मागात बॉबिन आपोआप बदलायची. ताण्याचा धागा तुटला तर माग स्वतःहून थांबायचा. साध्या मागांवर एक विणकर साधारण दोन माग सांभाळायचा. इथे एका विणकराकडे चोवीस माग दिले गेले.

कागदावरचा हिशेब चोख होता. पण प्रत्यक्षात उत्पादन अपेक्षेइतकं होईना आणि कापडात दोष मात्र भरपूर निघू लागले. माग चांगले होते. कामगारांना त्यांचं काम दाखवलेलं होतं. कुणी संपावर नव्हतं, कुणी कामचुकारपणा करत नव्हतं. मग चुकत कुठे होतं?

आज ‘स्मार्ट कारखाना’, ‘इंडस्ट्री ४.०’, ‘ऑटोमेशनचं प्रशिक्षण’ हे शब्द तुम्ही पुण्यात ऐकता, बडोद्यात ऐकता, बेंगळुरूत ऐकता. नवं यंत्र आणलं, कामगारांना आठवड्याचा कोर्स दिला, आता उत्पादन वाढायला हवं, असा सगळा सूर असतो. अहमदाबादच्या त्या गिरणीत सत्तर वर्षांपूर्वी नेमका हाच सूर होता. म्हणून ती गोष्ट आज नीट समजून घ्यायची आहे. पण त्याआधी थोडं मागे, मुंबईला जावं लागेल.

जॉबरची शाळा

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली सूतगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा सगळा भाग गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी यंत्र पाहिलेलं नव्हतं. त्यांना कोणी शिकवलं?

तांत्रिक शिक्षणाची संस्था होती. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं व्हीजेटीआय, १८८७ साली सुरू झालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथेच यांत्रिक ड्रॉइंग शिकवत होते. पण तिथून बाहेर पडणारे लोक मोजके. लाखभर कामगारांचा खरा गुरू होता जॉबर, म्हणजे मुकादम. तोच गावाकडून माणूस आणायचा, तोच खात्यात उभा करायचा, तोच हाताला हात लावून शिकवायचा आणि तोच काढूनही टाकायचा. नवा माणूस नातेवाइकाच्या शेजारी उभा राहून बघत बघत शिकायचा. बदली कामगार म्हणून दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असलं की आत जायचं आणि तेवढ्या पाळीत जे जमेल ते उचलायचं.

ही पद्धत स्वस्त होती. मालकाला शिकवण्यावर पैसा खर्च करावा लागत नव्हता. पण तिची एक किंमत होती, ती कोण भरत होतं हे बघा. शिकायला कोणाला मिळणार हे जॉबर आणि खात्यातले जुने कामगार ठरवायचे. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण असं सांगितलं जायचं की बॉबिन बदलली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागतं आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागतो. हा भेद मोडला पाहिजे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या काळात लावून धरली. कौशल्य शिकण्याची संधी हा किती मोठा हक्क आहे, हे त्या मागणीतून दिसतं. आपण प्रशिक्षणाबद्दल बोलतो तेव्हा अभ्यासक्रमावर बोलतो. वर्गात बसायला कोणाला मिळतं, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

१९२८ : कार्यक्षमता नावाचा शब्द

१९२८चा संप कशावरून झाला, हेही आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती. जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती. मग काही गिरणीमालकांनी ‘कार्यक्षमते’ची योजना आणली. कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, विणकराने दोनाऐवजी तीन माग. ससून समूहाच्या गिरण्या यात पुढे होत्या.

मालकांचं म्हणणं असं की इंग्लंडमध्ये आणि जपानमध्ये एक माणूस कितीतरी जास्त काम करतो, मग इथे का नाही? कामगारांचं म्हणणं असं की कापूस हलका वापरता, त्यामुळे धागा सारखा तुटतो, मग जास्त माग कसे सांभाळणार? आणि दोन माणसांचं काम एकाने केलं, तर दुसऱ्याने कुठे जायचं?

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळपास सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. मागण्यांची छाननी करायला शेवटी सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवू. कामगारांनी जे सांगितलं ती अडाणी माणसाची कुरकुर नव्हती, ती तांत्रिक माहिती होती. कापसाचा दर्जा, धाग्याचं तुटणं आणि एका माणसाला झेपणारी यंत्रं यांचा संबंध त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होता. आज ज्याला आपण डेटा म्हणतो, तो त्यांच्या बोटांत होता. पण कामाची नवी पद्धत ठरवताना त्यांना कोणी विचारलं नाही.

अहमदाबाद : पाच अष्टमांश माणूस

आता परत अहमदाबादला येऊ. इथली परंपरा थोडी वेगळी. १९१८च्या संपानंतर अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या पुढाकाराने १९२० साली मजूर महाजन ही संघटना उभी राहिली आणि वाद लवादाने सोडवण्याची सवय इथे रुजली. १९४७ साली विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने अटिरा ही वस्त्रोद्योग संशोधन संस्थाही इथेच सुरू झाली. गिरणीचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने करावा, ही कल्पना या शहराला नवी नव्हती.

ज्युबिली मिलमधल्या नव्या मागांचं कोडं सुटेना, तेव्हा १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे काम करू लागले. त्यांनी यंत्राकडे बघण्याआधी माणसं कशी उभी केली आहेत ते पाहिलं. दोनशेहून जास्त माग आणि त्यांच्यासाठी तीसेक माणसं. या तीसेक माणसांची बारा वेगवेगळी कामं. एक विणकर, एक बॉबिन भरणारा, एक तुटलेला ताणा सांधणारा, एक नवा ताणा चढवणारा, एक तेल घालणारा, एक कापड वाहून नेणारा, एक झाडणारा, वर जॉबर आणि त्याचा मदतनीस. इंजिनिअरांनी घड्याळ लावून प्रत्येक कामाचा वेळ मोजला होता आणि त्यावरून प्रत्येकाला माग वाटून दिले होते.

गोम इथेच होती. विणकराकडे चोवीस माग. बॉबिन भरणाऱ्याकडे त्याहून जास्त. ताणा सांधणाऱ्याकडे आणखी जास्त. त्यामुळे हिशेब केला तर एका विणकराच्या वाट्याला बॉबिन भरणारा आला पाच अष्टमांश आणि ताणा सांधणारा आला तीन अष्टमांश. म्हणजे मागावर धागा तुटला की विणकर ज्याला हाक मारणार, तो माणूस त्याच वेळी दुसऱ्या दोन विणकरांचाही होता. कोण कोणाचा सोबती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अमुक मागांचं कापड आमचं, असं म्हणणारा एकही गट त्या खात्यात नव्हता. प्रत्येकाला आपलं काम शिकवलेलं होतं, पण सगळ्यांचं मिळून काम काय, हे शिकवायला कोणी नव्हतं.

राइस यांनी सुचवलं की ठरावीक मागांचा एक संच करावा आणि तो एका लहान गटाकडे सोपवावा. गटात सगळ्या प्रकारची कामं येणारी माणसं असतील आणि गटाला स्वतःचा म्होरक्या असेल. गंमत पुढे आहे. व्यवस्थापनाने ही कल्पना मांडल्यावर पर्यवेक्षक आणि कामगारांनी ती लगेच उचलली. कोण कोणाच्या गटात जाणार, हे कामगारांनी आपापसात ठरवलं. साहेबांना यादी करावी लागली नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं असंही नाही. सुरुवातीला कार्यक्षमता वाढली, पण पुढे ती खाली आली, कारण घाईत देखभालीकडे दुर्लक्ष झालं होतं. मग देखभाल, कामाची वाटणी, माणसांची तयारी यांवर पुन्हा मेहनत घेतली गेली. वरिष्ठांनाही एक अवघड गोष्ट शिकावी लागली. कामगाराला थेट हुकूम न देता गटाच्या म्होरक्याशी बोलायचं आणि गटाचा निर्णय गटाला घेऊ द्यायचा. अखेर घडी बसली, तेव्हा कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास होती ती ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आलं. माग तेच होते. माणसंही तीच होती.

इतिहास सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतली. गटपद्धतीबरोबर पगाराची रचनाही बदलली होती, मग सुधारणेत पैशाचा वाटा किती आणि गटाचा किती? प्रश्न रास्त आहे. पण त्याने मुद्दा अधिकच पक्का होतो. वाढलेल्या उत्पादनातला हिस्सा कामगाराच्या हातात पडला आणि त्याने पद्धत आपली मानली. १९२८ला मुंबईत कामगारांचा भरवसा बसला नाही, तो नेमका या हिश्शाबद्दलच.

१९७०च्या सुमारास टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा तिथे गेले. एका खात्यात गटपद्धत बरीचशी शाबूत होती. इतर ठिकाणी ती झिजली होती. बाजाराची मागणी बदलली, कापडाचे प्रकार वाढले, दडपण आलं आणि वरून हुकूम सोडण्याची जुनी सवय परत आली. एकदा घेतलेलं प्रशिक्षण कायमचं पुरत नाही, त्याचीही देखभाल लागते.

आयटीआय ते जपान

या काळात देशभर प्रशिक्षणाची दुसरी एक वाट तयार होत होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला अचानक फिटर, टर्नर, वेल्डर हवे झाले. त्यासाठी देशात प्रशिक्षण केंद्रं काढली गेली आणि काही तरुण ब्रिटिश मंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाच्या योजनेतून थेट इंग्लंडला शिकायला गेले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९५८ला राष्ट्रीय उत्पादकता परिषद आली, १९६१ला शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला.

काही ठिकाणी शिकवणी खरोखर यंत्राच्या बरोबरीने चालली. बेंगळुरूची एचएमटी १९५३ला स्विस कंपनी ओर्लिकॉनच्या सहकार्याने उभी राहिली. केरळात थलश्शेरीजवळ नेत्तूर इथे १९५९ला स्विस मदतीने टूल आणि डाय बनवणाऱ्यांची शाळा निघाली, तीच आजची एनटीटीएफ. पुण्यात टेल्कोने सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली कारखान्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातच शिकाऊ उमेदवारांचं केंद्र उभं केलं. पुढे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत किती लहान वर्कशॉप तिथे शिकलेल्यांनी काढले, हे त्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा.

मग १९८३ साली गुरगावला मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली. सुझुकीच्या जपानमधल्या कारखान्यांत इथले कामगार आणि पर्यवेक्षक पाठवले गेले. तिथून ते यंत्राबरोबर कामाची एक रीतही शिकून आले. साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, कँटीन एक, आणि दोष दिसला तर लाइनवरच्या माणसाने तो तिथेच सांगायचा. त्या काळच्या आपल्या कारखान्यांत साहेबांचं जेवणघर वेगळं असायचं, तिथे ही लहान गोष्ट नव्हती.

मात्र आपण उभारलेल्या मोठ्या व्यवस्थेत एक फट राहून गेली. कामगारासाठी आयटीआय, इंजिनिअरसाठी कॉलेज, मॅनेजरसाठी मॅनेजमेंटची संस्था. तिघांची शिकवणी वेगळ्या इमारतींत, वेगळ्या भाषांत. आणि नोकरी मात्र तिघांनाही एकाच शॉप फ्लोअरवर.

आजचा कारखाना

२०११ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मेळ्यात ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द पुढे आला. साध्या भाषेत सांगायचं तर यंत्रावर सेन्सर बसतात. ते तापमान, थरथर, विजेचा वापर, किती नग निघाले, किती वेळ यंत्र बंद होतं, हे सगळं सतत नोंदवतात. ती माहिती एका जागी जमते आणि तिच्यावरून पुढचा निर्णय घेता येतो, कधी माणूस घेतो, कधी यंत्रच घेतं.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमातून पुण्यात सीफोरआयफोर लॅब, दिल्लीत आयआयटी, बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था आणि सीएमटीआय इथे केंद्रं उभी राहिली. लहान उद्योजकाने तिथे जाऊन प्रत्यक्ष बघावं, आपल्या माणसांना शिकवावं, हा हेतू. आयटीआयमध्ये रोबोटिक्स आणि डिजिटल उत्पादनाचे नवे ट्रेड आले. कर्नाटकाने १५० सरकारी आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने नव्या यंत्रांनी सजवल्या. हे सगळं चांगलंच आहे.

पण आता अहमदाबादचा प्रश्न इथे विचारून बघा.

समजा, एका सीएनसी मशीनवर थरथर मोजणारा सेन्सर बसवला. स्पिंडलचं बेअरिंग खराब व्हायला लागलं की थरथर वाढते आणि स्क्रीनवर रेघ वर चढते. ऑपरेटरला कोर्समध्ये ती रेघ वाचायला शिकवलं. आज रेघ वर गेली. आता त्याने काय करायचं? मशीन थांबवायचा अधिकार त्याला आहे का? थांबवलं तर आजचा नगांचा आकडा कमी येईल, त्याबद्दल संध्याकाळी त्यालाच बोलणी बसणार असतील, तर तो रेघेकडे दुर्लक्ष करेल. मग बेअरिंग जाईल, मशीन चार दिवस बंद पडेल आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जाईल की ऑपरेटरचं प्रशिक्षण कमी पडलं.

इथे कमी पडलं ते मॅनेजरचं प्रशिक्षण. बेअरिंग वेळेत बदललं तर चार दिवस वाचतात आणि त्यासाठी आजचा आकडा सोडावा लागतो, हे त्याने शिकायला हवं होतं. देखभाल विभाग, उत्पादन विभाग आणि ऑपरेटर यांनी एका टेबलाशी बसून ती रेघ एकत्र बघायला हवी होती. नाहीतर पुन्हा तेच : ऑपरेटरच्या वाट्याला मेंटेनन्सवाला तीन अष्टमांश.

दुसरा धोका १९२८चा. सेन्सर यंत्राबरोबर माणसाचाही वेळ मोजतो. ती माहिती काम सोपं करायला वापरणार, की लघवीला किती मिनिटं गेला हे धरायला? कामगाराला दुसरी शंका आली की तो सेन्सरला चकवायचे मार्ग शोधतो. मग लाखो रुपये खर्चून जमवलेला डेटा खोटा निघतो.

आणि तिसरी गोष्ट, दाराबाहेर उभ्या असलेल्यांची. वार्षिक उद्योग सर्वेक्षणाचे अलीकडचे आकडे पाहिले, तर कारखान्यांतल्या दर पाच कामगारांत जवळपास दोन कंत्राटी आहेत. मालक म्हणतो, याला शिकवून काय करू, सहा महिन्यांनी तो दुसरीकडे जाईल. कंत्राटदार म्हणतो, मी माणसं पुरवतो, शिकवत नाही. म्हणजे तो मुंबईचा बदली कामगारच झाला. शेजारच्याचं बघून, जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं. फरक इतकाच की जुन्या मागावर बघून शिकता यायचं. यंत्राच्या आत चाललेला प्रोग्राम नुसतं बघून कळत नाही.

मुंबईत १९८२ साली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. पुढे कॅलिकोही बंद पडली. ज्या हातांना फक्त एक माग चालवायला शिकवलं होतं, त्या हातांना दुसरं काम मिळणं किती कठीण गेलं, हे गिरणगावातल्या घराघरांत लोकांनी पाहिलंय. म्हणून ऑटोमेशनच्या प्रशिक्षणाकडे कामगार भीतीने बघतो, त्याला मागासलेपण म्हणू नका. त्याच्या घरात ती आठवण आहे.

तुमच्यापैकी कोणी कारखान्यात असाल, कामगार म्हणून, सुपरवायझर म्हणून किंवा मालक म्हणून, तर पुढचं प्रशिक्षण ठरेल तेव्हा एवढं जरूर विचारा. या वर्गात मॅनेजर बसणार आहेत का? शिकलेल्या माणसाला यंत्र थांबवायचा अधिकार मिळणार आहे का? उत्पादन वाढलं तर त्यातलं त्याला काय मिळेल? आणि कंत्राटी माणूस वर्गात असेल का? या चारांपैकी दोनांचं उत्तर जरी ‘हो’ आलं, तरी तुमचा कारखाना बऱ्याच कारखान्यांच्या पुढे आहे, असं समजा.

ज्युबिली मिलमध्ये उत्तर बाहेरून आलेल्या माणसाने सुचवलं खरं, पण ते अमलात आणलं तिथल्या विणकरांनी, आणि तेही आपापसात बोलून. त्यांना तेवढी मोकळीक मिळाली, म्हणून ते जमलं.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.